काचेतील तळे

(घरात मासे पाळावेत असे अनेक मुलांना वाटते. मासे विकत आणणे सोपे असते, पण त्यांना जगवणे अवघड असते. मत्स्यपेटीत पाणवनस्पती कशा लावाव्यात आणि मासे आणण्यापूर्वी वाट का पाहावी, हे एका शिक्षकाने या पाठात आपल्या अनुभवातून सांगितले आहे.)

मुलांनो, मशिदीच्या हौदातले मासे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. मुंबईच्या जामा मशिदीत फार जुना आणि मोठा हौद आहे. त्याच्या पाण्यात मासे फिरत असतात. उर्दूत आपण 'हौज' म्हणतो, मराठीत 'हौद' म्हणतात. शब्द एकच आहे. आमच्या मोहल्ल्यातील मशिदीतही एक लहानसा हौद होता. लहानपणी मी त्याच्या काठावर बसून मासे पाहत असे. असे मासे आपल्या घरीही असावेत, असे मला फार वाटे.

मी सातवीत असताना ईदीचे सगळे पैसे जमवले आणि अब्बांबरोबर बाजारात गेलो. आम्ही काचेची एक पेटी, रंगीत खडे, प्लास्टिकची दोन झाडे आणि सात लहान गोल्डफिश विकत आणले. त्याच संध्याकाळी मी पेटीत नळाचे पाणी भरले आणि मासे सोडले. घरातील सर्वजण पेटीभोवती जमले. दादीने तर जेवणही तिथेच बसून केले.

तिसऱ्या दिवशी एक मासा मेला. मग रोज एक-दोन मासे मरू लागले. आठव्या दिवशी पेटीत एकही मासा उरला नाही. मी खूप रडलो. अब्बा माझ्यावर रागावले नाहीत. ते पेटीतल्या पाण्याकडे पाहत म्हणाले, "बेटा, पाणी तर स्वच्छ दिसते. पण त्यात असे काहीतरी आहे, जे आपल्याला दिसत नाही."

न दिसणारी ती वस्तू कोणती? याचे उत्तर मला बऱ्याच वर्षांनी मिळाले.

मासे पाण्यातच खातात आणि पाण्यातच घाण करतात. न खाल्लेले दाणेही पाण्यातच कुजतात. या सर्वांतून अमोनिया नावाचे द्रव्य तयार होते. ते माशांना विषासारखे असते. ते पाण्यात विरघळलेले असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. नदीत आणि तळ्यात पाणी भरपूर असते. शिवाय तेथील वाळूवर, दगडांवर आणि वनस्पतींवर सूक्ष्म जिवाणू राहतात. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट बनवतात. नायट्राइटही माशांना घातकच असते. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट बनवतात. नायट्रेट थोड्या प्रमाणात असले तर माशांना त्रास होत नाही आणि वनस्पतींना ते खत म्हणून उपयोगी पडते. पाणवनस्पती अमोनियाही शोषून घेतात. नव्या पेटीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. माझ्या माशांना मी आठ दिवससुद्धा जगू शकतील असे पाणी दिले नव्हते.

पुढे मी शिक्षक झालो. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक रिकामा कोपरा होता. आठवीच्या मुलांनी तेथे मत्स्यपेटी ठेवण्याचा हट्ट धरला. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली. मी मुलांना एकच अट घातली. मी म्हणालो, "आधी झाडे लावायची. मासे मी सांगेन तेव्हाच आणायचे."

पेटी ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच होती. "या पेटीत किती पाणी मावेल?" मी विचारले. मुलांनी फळ्यावर गुणाकार केला. उत्तर आले ५४,००० घनसेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. काच, माती आणि वाळू धरून भरलेल्या पेटीचे वजन साठ किलोंच्या वर जाते. म्हणून आम्ही डगमगणारा बाक न घेता भक्कम, सपाट टेबल निवडले. पेटीखाली थर्माकोलचा पातळ तुकडा ठेवला. त्यामुळे काचेवर सगळीकडे सारखा भार पडतो. टेबल खिडकीपासून दूर ठेवले. पेटीवर थेट ऊन पडले, तर पाण्यात शेवाळ फार वाढते.

नंतर मुलांनी बागेतील माती चाळून आणली. तिच्यात शेणखत किंवा रासायनिक खत नाही, याची खात्री केली. मातीचा सुमारे अडीच सेंटिमीटरचा थर पेटीच्या तळाशी पसरला. वाळू आठ-दहा वेळा धुतली. धुतलेले पाणी स्वच्छ दिसू लागल्यावर तिचा तीन सेंटिमीटरचा थर मातीवर दिला. मातीतून झाडांना अन्न मिळते आणि वाळूमुळे माती पाण्यात मिसळत नाही.

पाणी भरतानाही काळजी घ्यावी लागली. नळाचे पाणी पिण्यायोग्य करण्यासाठी त्यात क्लोरीन मिसळतात. हेच क्लोरीन माशांना आणि उपयोगी जिवाणूंना अपायकारक असते. म्हणून आम्ही पाणी उघड्या बादल्यांमध्ये चोवीस तास ठेवले. मग वाळूवर एक बशी ठेवली आणि तिच्यावर पाण्याची बारीक धार सोडली. त्यामुळे वाळूत खड्डा पडला नाही.

पेटीत अर्धे पाणी भरल्यावर आम्ही झाडे लावली. झाडे दोनच प्रकारची होती, व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला. या दोन्ही वनस्पती आपल्या देशातील तळ्यांमध्ये आणि नद्यांमध्ये आढळतात. व्हॅलिस्नेरियाची पाने लांब फितीसारखी असतात. तिची मुळे वाळूत पुरायची, पण मुळे संपून पाने सुरू होतात तो भाग वाळूच्या वर ठेवायचा. तो पुरला गेला, तर झाड कुजते. हायड्रिलाच्या काड्या आम्ही पाच-सहाच्या जुड्या करून लावल्या. मग पाणी पूर्ण भरले. पेटीवर दिवा बसवला. तो रोज आठ तास लावायचा, असे ठरले. एका कोपऱ्यात हवेच्या पंपाला जोडलेला स्पंजचा फिल्टर ठेवला. स्पंजच्या छिद्रांमध्ये जिवाणूंना राहायला भरपूर जागा मिळते.

दुसऱ्याच दिवशी एका मुलीने विचारले, "सर, मासे कधी आणायचे?"

मी म्हणालो, "अजून पेटीत पाहुण्यांची सोय झालेली नाही."

सोय करायची होती ती जिवाणूंना वाढवून. जिवाणूंनाही अन्न लागते. म्हणून मासे नसतानाही आम्ही एक दिवसाआड माशांच्या खाद्याची अगदी लहान चिमूट पाण्यात टाकत असू. ते कुजून अमोनिया तयार होई आणि त्यावर जिवाणू वाढत. रिकाम्या पेटीत दाणे टाकणाऱ्या आम्हांला पाहून इतर वर्गांची मुले हसत.

पहिल्या दोन आठवड्यांत पेटी सुंदर दिसण्याऐवजी बिघडल्यासारखी दिसू लागली. व्हॅलिस्नेरियाची जुनी पाने पिवळी पडून विरघळू लागली. काचेवर तपकिरी थर चढला. मुले निराश झाली. "सर, झाडे मेली," असे ती म्हणू लागली. मी एक झाड हळूच हलवून दाखवले. त्याची मुळे वाळूत घट्ट धरलेली होती. जागा बदलली की ही झाडे जुनी पाने टाकतात आणि नव्या पाण्यात नवी पाने काढतात. आम्ही कुजलेली पाने वेचून काढली. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलले. चौथ्या आठवड्यात व्हॅलिस्नेरियाचा एक कोंब वाळूवरून धावत गेला आणि वीतभर अंतरावर नवे रोप उभे राहिले. दुपारी दिवा लावला की हायड्रिलाच्या पानांवर बारीक बुडबुडे मोत्यांसारखे चमकू लागले. प्रकाशात वनस्पती अन्न तयार करताना सोडतात तो हा ऑक्सिजन.

वाट पाहण्याच्या त्या दिवसांत मी मुलांना रॉबर्ट वॉरिंग्टन यांची गोष्ट सांगितली. हे लंडनचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी १२ गॅलन मावतील एवढे काचेचे भांडे घेतले, म्हणजे जवळजवळ आमच्या पेटीएवढेच. त्यात त्यांनी वाळू, चिखल, दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाचे झाड ठेवले. काही दिवसांनी झाडाची जुनी पाने कुजून पाणी घाण झाले. तेव्हा वॉरिंग्टन यांनी पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने खाल्ली आणि पाणी निवळले. वनस्पती आणि प्राणी एकमेकांना जगवतात, हे त्यांनी १८५० साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडले. तीनच वर्षांनी, १८५३ साली, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. मात्र या कामात जिवाणूंचा केवढा मोठा वाटा आहे, हे तेव्हा माहीत नव्हते. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास वेगळे करून दाखवले.

पाण्यातील अमोनिया डोळ्यांना दिसत नसला, तरी तो तपासता येतो. पाण्याचा थोडासा नमुना परीक्षानळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि बदललेला रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. सहाव्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले. चार दिवसांनी पुन्हा तपासले. पुन्हा शून्य! त्या दिवशी वर्गात ईदसारखा आनंद झाला.

गोल्डफिश मोठे होतात, पाणी फार घाण करतात आणि झाडे उपटतात. म्हणून आम्ही सहा झेब्रा मासे आणले. निळ्या-सोनेरी पट्ट्यांचा हा मासा जेमतेम चार सेंटिमीटर लांब असतो. तो मूळचा आपल्याच भागातला, म्हणजे भारत आणि शेजारच्या देशांतला आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवर लिहिलेल्या ग्रंथात १८२२ साली त्याचे वर्णन केले. माशांची पिशवी आम्ही आधी पंधरा मिनिटे पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवली. मग तिच्यात पेटीतले पाणी थोडे थोडे मिसळले आणि मासे जाळीने अलगद पेटीत सोडले. हे मासे उड्या मारतात, म्हणून पेटीवर जाळीचे झाकण बसवले.

मासे मजेत राहू लागले. मग रमजान ईदची सुट्टी आली. तीन दिवस शाळा बंद राहणार होती. "मोठ्या, निरोगी माशांना तीन दिवस अन्न मिळाले नाही तरी चालते," असे मी वर्गात सांगितले. तेव्हा एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, माशांचेही रोजे!" सगळा वर्ग हसला.

सुट्टीनंतर मी प्रयोगशाळेचे दार उघडले आणि दचकलो. पेटीतले पाणी दुधासारखे पांढरे झाले होते. मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. दोन मासे तळाशी मरून पडले होते. वाळूवर दाण्यांचा जाड थर साचला होता. परीक्षानळीतले पाणी गडद हिरवे झाले. अमोनिया वाढला होता.

आम्ही लगेच कामाला लागलो. रबरी नळीने वाळूवरचे दाणे ओढून काढले. बादल्यांमध्ये साठवलेले पाणी होतेच. त्यातून अर्धे पाणी बदलले. हवेचा पंप सारखा चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी बदलले आणि तीन दिवस दाणा दिला नाही. चार मासे वाचले.

त्या संध्याकाळी एक मुलगा प्रयोगशाळेच्या दाराशी घुटमळत होता. सगळे गेल्यावर तो आत आला. मान खाली घालून म्हणाला, "सर, दाणे मी टाकले. घरी सगळे शीरखुर्मा खाणार आणि मासे उपाशी राहणार, म्हणून मी जाताना अर्धा डबा ओतला."

मी त्याला काय शिक्षा करणार? त्याला जवळ बसवून मी माझ्या सात माशांची गोष्ट सांगितली. मग म्हणालो, "तू दोन मासे मारायला गेला नव्हतास, आणि मीही सात मारायला गेलो नव्हतो. पेटीतले जिवाणू रोजच्या अन्नापुरतेच वाढलेले असतात. एकदम दहा दिवसांचे अन्न आले, तर ते पुरे पडत नाहीत. तुझी माया खरी होती. फक्त ती मोजून द्यायची राहिली."

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून ही गोष्ट वर्गाला सांगितली. कोणीही त्याला हसले नाही. माशांना दाणे देण्याचे काम मी त्याच्याकडेच सोपवले. तो रोज एकदा, मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच दाणे देऊ लागला. दिलेल्या दाण्यांची नोंद तो वहीत करी. दर आठवड्याला पाणी बदलण्याचे कामही त्याने मागून घेतले. फिल्टरचा स्पंज तो कधीही नळाखाली धूत नसे. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घेई, म्हणजे स्पंजमधले जिवाणू मरत नाहीत.

पेटीत झाडे दाट झाली, की जादा झाडे आम्ही कापून वाळवतो आणि शाळेच्या बागेत खत म्हणून टाकतो. मत्स्यपेटीतील झाडे किंवा मासे नदीत, तळ्यात सोडू नयेत. जलपर्णी ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतून आली. आज तिने आपल्याकडील कितीतरी तलाव आणि नद्या व्यापल्या आहेत, हे तुम्ही पाहतच आहात.

आता नव्या वर्गाची मुले पेटीजवळ आली, की पहिला प्रश्न विचारतात, "मासे आणायला किती दिवस लागले?" बेचाळीसहून अधिक दिवस लागले, हे ऐकून त्यांना नवल वाटते. उर्दूत आपण 'सब्र' म्हणतो. मराठीत त्याच मुळापासून आलेला 'सबुरी' हा शब्द आहे. मुलांनो, तुम्हीही असे काचेतील तळे जरूर करा. पण ईदीच्या पैशांतून आधी वाळू आणि झाडे आणा. मासे दुकानात आहेतच. ते थांबतील. तुम्हीही थांबा.

शब्दार्थ

मत्स्यपेटी – मासे ठेवण्याची काचेची पेटी
सूक्ष्म – अतिशय लहान
जिवाणू – डोळ्यांना न दिसणारे अतिशय लहान सजीव
घातक – जीव घेणारे
अपायकारक – नुकसान करणारे
वीत – पसरलेल्या हाताच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचे अंतर
निवळणे – गढूळपणा जाऊन स्वच्छ होणे
ताडून पाहणे – तुलना करून पाहणे
घुटमळणे – जावे की न जावे अशा विचाराने एकाच जागी रेंगाळणे
सबुरी – धीर, संयम

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने पहिली मत्स्यपेटी कोणत्या पैशांतून आणली?
(आ) भरलेल्या पेटीसाठी भक्कम टेबल का निवडले?
(इ) नळाचे पाणी चोवीस तास उघड्या बादल्यांमध्ये का ठेवले?
(ई) मासे सोडल्यावर पेटीवर जाळीचे झाकण का बसवले?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाचे सात मासे का मेले?
(आ) मासे नसतानाही मुले पाण्यात खाद्य का टाकत होती?
(इ) वॉरिंग्टन यांच्या भांड्यातील घाण पाणी कशामुळे निवळले?
(ई) लेखकाने मुलाला शिक्षा का केली नाही? तुम्ही लेखकाच्या जागी असता, तर काय केले असते?

३. कोण, कोणास म्हणाले ते लिहा.
(अ) "बेटा, पाणी तर स्वच्छ दिसते."
(आ) "सर, मासे कधी आणायचे?"
(इ) "तुझी माया खरी होती."

४. पुढील कृती योग्य क्रमाने लिहा.
मासे सोडणे, वाळू पसरणे, पाण्याची तपासणी करणे, माती पसरणे, झाडे लावणे.

५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
स्वच्छ, उपयोगी, निराश, दाट, जुना.

६. 'हौज–हौद' आणि 'सब्र–सबुरी' यांप्रमाणे उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे आणखी पाच शब्द शोधा व वाक्यांत उपयोग करा.

७. उपक्रम : काचेच्या बरणीत वाळू आणि हायड्रिलाच्या काड्या ठेवा. मासे ठेवू नका. बरणी उजेडात ठेवून पंधरा दिवस रोज निरीक्षण करा आणि त्याची नोंद मराठीत लिहा.